मुद्द्याला रकाना नाही

  वर्षभर एक गोष्ट सलत राहिली.

आंबेडकर जयंतीच्या वक्तृत्व स्पर्धेला परीक्षक म्हणून बसलं की हातात गुणपत्रिका येते : आवाज, हावभाव, पाठांतर, वेळ. मुद्द्याला रकानाच नाही! मग मुलं बाबासाहेब आंबेडकरांच्या चवदार तळ्यावरच्या भाषणातलं एकच वाक्य मोबाईलवरून पाठ करून येतात, बेंबीच्या देठापासून ओरडतात आणि ढाल घेऊन जातात. त्या वाक्यापर्यंत बाबासाहेब पोचले कसे, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

महाड, २५ डिसेंबर १९२७. मार्चमध्ये अस्पृश्यांनी तळ्याचं पाणी प्यालेलं, त्यानंतर तळ्याचं ‘शुद्धीकरण’ झालेलं, आता कोर्टाची मनाई. समोर माणसं संतापलेली. आणि बाबासाहेब बोलू लागतात ते महाडच्या स्पृश्यांच्या उदारपणाबद्दल! तळं परधर्मीयांना खुलं, पशुपक्ष्यांना खुलं, अस्पृश्यांनी पाळलेल्या जनावरांनाही खुलं. व्याजस्तुतीचं याहून धारदार उदाहरण मला मराठीत माहीत नाही. मग आम्हालाच बंदी का? पाणी बिघडेल ही सबब ते खोडून काढतात. खरी भीती आम्हाला बरोबरीचं मानावं लागेल ही आहे, असं दाखवून देतात. त्यानंतर सांगतात की, या पाण्यावाचून आजवर आपलं अडलं नाही आणि ते पिऊन कुणी अमर होणार नाही. इथे मागणी पाण्याची उरत नाही, माणूसपणाची होते. म्हणूनच पुढे त्या मांडवाची तुलना ते थेट १७८९च्या फ्रेंच राष्ट्रसभेशी करतात, तेव्हा ती फुगवलेली वाटत नाही.

वाक्य उरलं आणि मुद्दा हरवला, हे मार्टिन ल्यूथर किंग यांच्याबाबतही झालं. १९६३च्या भाषणातलं स्वप्न जगाला पाठ आहे. त्याआधी त्यांनी अमेरिकेपुढे धरलेला, समतेच्या वचनाचा न वटलेला चेक कुणी आठवत नाही.

आमच्या यंदाच्या अंकाचा विषय ‘पाणी’. विहिरी, टँकर, पूर्णा नदी यांवरचे लेख आत आहेतच. चवदार तळंही त्याच पंगतीतलं.

शिक्षकांनो, महाराष्ट्र शासनाच्या ‘लेखन आणि भाषणे’ मालेचा १८वा खंड काढा आणि हे भाषण वर्गात सबंध वाचा. येत्या १४ एप्रिलला गुणपत्रिकेतले निम्मे गुण मुद्देसूदपणाला ठेवा. मंठा तालुक्यातल्या ज्या शाळा ठेवतील, त्यांच्या ढालींचा खर्च हा अंक करील.