वांगाचा बाजार

‘मुखक्के क्रीम कोडि’, म्हणजे चेहऱ्यासाठी क्रीम द्या. बेंगळूरच्या चामराजपेटमध्ये औषधाच्या दुकानात कन्नडमध्ये एवढे तीन शब्द बोलले की काम होतं. कुणासाठी, कशासाठी, किती दिवस, काउंटरवरचा माणूस काही विचारत नाही. ट्यूब हातात येते. तिच्यावर लाल चौकटीत छापलेलं असतं की हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायचं. विकणारा परवानाधारक आहे, त्याला वाचता येतं, आणि तरीही तो विकतो. मी याला गुन्हा म्हणते.

आमच्या इथल्या मराठी घरांत हीच ट्यूब जावेकडून जावेकडे, आईकडून लग्नाच्या मुलीकडे जाते. हळदीकुंकवाला जमलेल्या बायका एकमेकींना तिचं नाव सांगतात. बाळंतपणानंतर गालांवर वांग आले, लाव. मुरमाचे डाग राहिले, लाव. मुलगी सावळी आहे आणि रविवारी पुण्याहून पाहुणे यायचेत, तरी लाव. पहिल्या पंधरवड्यात चेहरा उजळतो, आणि तिथेच बाई अडकते.

त्या ट्यूबमध्ये बहुधा तीन औषधं असतात: रंग तयार होण्याची क्रिया रोखणारं हायड्रोक्विनोन, त्वचेचा वरचा थर लवकर बदलायला लावणारं ट्रेटिनॉइन, आणि स्टेरॉइड. अमेरिकेत क्लिगमन आणि विलिस यांनी या त्रिकुटाचा नुस्खा १९७५ मध्ये प्रसिद्ध केला. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेतल्या डॉक्टरांनी कळवलं की हायड्रोक्विनोनची क्रीमं फासून तिथल्या बायकांचे गाल कायमचे काळेनिळे पडू लागलेत. आणि त्याच १९७५ मध्ये भारतात फेअर अँड लव्हली बाजारात आली. दक्षिण आफ्रिकेने १९९० मध्ये हायड्रोक्विनोनच्या क्रीमांवर बंदी घातली. आपण पंचेचाळीस वर्षांनी, २०२० मध्ये, फेअर अँड लव्हलीच्या नावातला ‘फेअर’ तेवढा बदलून घेतला.

हे त्रिकूट मुळात वाईट नाही. वांगावर ते चालतं, पण मोजके आठवडे आणि डॉक्टरच्या नजरेखाली. परदेशात मान्य झालेल्या मिश्रणात स्टेरॉइड म्हणून सौम्य फ्लुओसिनोलोन असतं. आपल्याकडच्या कित्येक ट्यूबांत त्याच्या जागी कितीतरी अधिक जोरदार मोमेटासोन घातलेलं असतं. महिनोन्‌महिने ते लावलं की कातडी पातळ होते, केशवाहिन्या दिसू लागतात, गालांवर पुरळ आणि हनुवटीवर लव येते. चुलीजवळ गेलं तरी चेहरा भाजल्यासारखा होतो. ट्यूब बंद केली तर दोन दिवसांत सगळं दुपटीने उसळतं, म्हणून बाई पुन्हा दुकानात जाते. अशी महिनोन्‌महिने लावत असाल तर मनानेच एकदम बंद करू नका. ट्यूब घेऊन त्वचारोगतज्ज्ञाकडे जा आणि किती दिवस लावली ते न लाजता सांगा.

आकडे डोळ्यांसमोर आहेत. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशातल्या निरनिराळ्या केंद्रांत चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेले २९२६ रुग्ण तपासले गेले. त्यांतले ४३३ चेहऱ्याला स्टेरॉइड लावत होते, आणि त्या ४३३ पैकी २५७ जणांना ते डॉक्टरने सुचवलेलंच नव्हतं. त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने यासाठी वर्षानुवर्षं आरडाओरडा केला, तेव्हा कुठे मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने लावायच्या चौदा स्टेरॉइडांना चिठ्ठीची सक्ती केली. ती सक्ती माझ्या गल्लीपर्यंत अजून पोचलेली नाही. औषध निरीक्षकाने साध्या कपड्यांत येऊन ट्यूब मागून पाहावी.

ट्यूबवर निदान औषधाचं नाव तरी असतं. बिननावाच्या डबीचं काय? २०२३ च्या सुरुवातीला अकोल्यातल्या एकाच घरातल्या आई आणि दोन मुलींची मूत्रपिंडं बिघडली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात शोध घेतल्यावर कारण सापडलं गोरं करणाऱ्या क्रीममध्ये: त्यात पारा होता. पारा रंग तयार करणाऱ्या विकराला अडवतो, म्हणून चेहरा उजळतो. तोच पारा कातडीतून रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडाची चाळणी फाडतो. त्याच वर्षी केरळात मलप्पुरम जिल्ह्यातही असेच रुग्ण सापडले. ‘पार्लरवाल्या ताईंची स्पेशल क्रीम’ म्हणून काही हातात आलं, तर ते तिथेच परत करा.

घरगुती उपायांनाही मी सूट देणार नाही. दुधात उगाळलेलं जायफळ, बेसनात पिळलेलं लिंबू, खाण्याच्या सोड्याने घासणं. लिंबाचा रस लावून उन्हात गेलं की कातडी भाजते आणि नवा डाग पडतो. जे चोळून जळजळतं त्याने आपली कातडी आणखी काळवंडते, कारण सावळ्या त्वचेतल्या रंगपेशी प्रत्येक दुखापतीला रंगानेच उत्तर देतात. आणि ‘पोट साफ नाही म्हणून वांग’ हे तर बंदच करा. वांग येतात ऊन, गर्भारपणाची किंवा गर्भनिरोधक गोळ्यांतली संप्रेरकं, आणि घराण्याचा वारसा यांमुळे. सगळे काळे डाग वांग नसतातच. कुंकवातल्या किंवा केसांच्या कलपातल्या रंगाची ॲलर्जी चेहरा करडा करते. चिकुनगुन्या होऊन गेल्यावर नाकावर डाग उमटतात. मान, कानशिलं आणि कपाळ जाडसर, मखमली काळं होतं ते बहुतेक वेळा शरीरात इन्सुलिन नीट काम करत नसल्याचं लक्षण असतं. आपल्याकडे अशा मुलीला आई ‘मान घासत जा जरा’ म्हणून चारचौघांत बोलते. त्या मुलीची रक्तातली साखर कोण तपासणार?

बेंगळूरची हवा गार, म्हणून ऊन लागत नाही, हा इथल्या लोकांचा लाडका गैरसमज. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे नऊशे मीटर उंच आहे; उंचीने हवा गार होते, ऊन नाही. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात आणि १८ ऑगस्टच्या आसपास दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, खांबाची सावली नाहीशी होते. उन्हातली अतिनील किरणं ढगांतूनही येतात. वांगाला डोळ्यांना दिसणारा उजेडही बाधतो. म्हणून नुसतं पांढरं सनस्क्रीन पुरत नाही, लोह ऑक्साइड असलेलं रंगीत लागतं. दोन बोटांवर मावेल इतकं, आणि बाहेर असाल तर दोन-तीन तासांनी पुन्हा. यात कसूर झाली तर त्यावरचं कुठलंही औषध फुकट जातं.

वांग कायमचे जातात असं सांगणारा खोटं बोलतो, मग त्याच्याकडे लेझरचं यंत्र असो की पिढीजात लेप. वांग आटोक्यात राहतात, उन्हात पुन्हा डोकं वर काढतात. ॲझेलाइक आम्ल गर्भारपणातही चालतं. ट्रानेक्सॅमिक आम्लाच्या गोळ्या उपयोगी पडतात, पण ते मुळात रक्तस्राव थांबवायचं औषध आहे. घरात कुणाला रक्ताच्या गुठळ्या झाल्यात का, हे न विचारता ते लिहून देणाऱ्या डॉक्टरकडून उठून यावं.

डॉक्टरांवरही माझा राग आहे. ‘रात्री लावा’ एवढं लिहून चिठ्ठी दिली, थांबवायची तारीख लिहिली नाही, की तीच चिठ्ठी पाच वर्षं घरभर फिरते. आणि सरकारला सांगायचंय: चामराजपेटपासून चालत जाण्याच्या अंतरावर व्हिक्टोरिया रुग्णालय आहे, बाळंतपणासाठी वाणी विलास आहे. के. आर. मार्केटच्या उन्हात दिवसभर फुलं विकणारी बाई तिथे वांग घेऊन गेली, तर दुकानातली रंगीत सनस्क्रीनची चांगली ट्यूब तिच्या कमाईला न झेपणारी, आणि स्टेरॉइडची ट्यूब तिच्या आवाक्यातली. जोवर हा हिशेब उलटा होत नाही, तोवर ती स्टेरॉइडच घेणार. सनस्क्रीन सरकारी रुग्णालयाच्या औषधखिडकीवर, मोफत, केसपेपरवर लिहून मिळालं पाहिजे, ताप आल्यावर पॅरासिटामॉल मिळते तसं.