हेमाडपंतांच्या नावावरची देवळे

नांदेड-लातुराकडे काळ्या दगडाचे, चुन्यावाचून रचलेले देऊळ दिसले, की ते ‘हेमाडपंती’ ठरते. गावकऱ्यांनी तसे म्हणावे, यात नवल नाही. बाजरीही हेमाडपंतानेच आणली असे सांगणारी ही भूमी आहे. परंतु पदवीधर म्हणविणारी मंडळी हेच नाव डोळे मिटून पुस्तकांतून चालवितात, यास आमची सक्त हरकत आहे.

हेमाद्रि हा देवगिरीच्या महादेव व रामचंद्र या यादव राजांचा श्रीकरणाधिप, म्हणजे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला पुरुष. अंबरनाथच्या देवळावर शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० च्या सुमाराचा, शिलाहारांचा लेख आहे. तेथेही चुना नाही. दगडाच्या भारावर व खाचांवर दगड तोलून धरण्याची ही युक्ती दोनशे वर्षांनी होणाऱ्या मंत्र्याने शिकविली काय?

देगलूर तालुक्यातील होट्टल येथे जाऊन सिद्धेश्वराच्या भिंती पाहाव्या. बाह्यांगावरील सुरसुंदरी, आतील घोटीव स्तंभ, सारे कल्याणीच्या चालुक्यांच्या परंपरेतले. निलंग्याच्या नीलकंठेश्वरास तीन गर्भगृहे. एकाच मंडपाभोवती शिव, विष्णू आणि उमामहेश्वर नांदतात. चालुक्यांची ती राजधानी, आजचे बसवकल्याण, निलंग्याहून काही दूर नाही. देवगिरी मात्र खूपच लांब!

कोणी म्हणतील, ‘हेमाडपंती’ हे आता केवळ शैलीचे नाव आहे. त्यावरून एवढा वाद कशास? आमचे उत्तर असे की, हे नाव शैलीही सांगत नाही. ते फक्त चुना नसल्याचे सांगते. तलविन्यास कसा, शिखर कोणत्या जातीचे, देवकोष्ठांत कोणती मूर्ती कोठे बसविली, हे प्रश्न त्या एका शब्दाखाली गाडले जातात. आणि त्यांबरोबर देवळे बांधविणारेही. रित्ती व शेळके यांनी नांदेड जिल्ह्यातील कोरीव लेखांचा संग्रह १९६८ साली प्रसिद्ध केला; त्यात कानडी लेखांचा भरणा मोठा आहे. आमच्या अंगणातील देवळांस दाने देणारे कानडी लिहीत होते, हे मराठी अभिमानास रुचत नाही, म्हणून तर हा सोयीचा मंत्री पुढे केला जात नसेल ना, अशी आम्हांस शंका येते.

या अज्ञानाची किंमत दगडास द्यावी लागते. ज्यास आपण लेख म्हणून ओळखत नाही, त्यावर जीर्णोद्धाराच्या उत्साहात तैलरंगाचा हात फिरतो, नाहीतर तो फरशीखाली जातो. देवळापुढे फलक लावणाऱ्यांनी निदान एवढे करावे: शतक लिहावे, राजवंश लिहावा, आणि लेख असेल तर तो कोणत्या भाषेत आहे तेही लिहावे.