चुंबळीच्या कुळातली एक वस्तू

वस्तूंचे वाचन करा, असे आपण विद्यार्थ्यांना सांगतो. पण आपण निवडतो त्या वस्तू बहुधा जाते, दिवा, उंबरा अशा आधीच काव्यात रुळलेल्या असतात. मोटारीतल्या कपहोल्डरकडे समीक्षक सहसा वळत नाही, आणि वळलाच तर चंगळवादाचे प्रतीक म्हणून त्याची बोळवण करतो. हे वाचन अपुरे आहे.

घागर घरात ठेवायला घडवंची असते; ती डोक्यावर घेऊन चालायचे तर चुंबळ लागते. पहिली स्थिर जमिनीसाठी, दुसरी हलत्या देहासाठी. कपहोल्डर चुंबळीच्या कुळातला. होडीत हे अधिक स्पष्ट दिसते. तेथील काही कपहोल्डर फिरत्या कड्यांवर टांगलेले असतात. होडी कलली तरी कप स्वतःच्या वजनाने सरळ राहतो. जहाजांवरील होकायंत्रे शतकानुशतके याच युक्तीने समतल राखली गेली.

मोटारीत मात्र ही समज उशिरा आली. अमेरिकेत १९५०च्या दशकात गाडीत बसून खाण्यापिण्याचा प्रघात पडला होता. पण पेल्यासाठी सोय म्हणजे डॅशबोर्डमधील कप्प्याच्या झाकणावरचे उथळ खळगे, तेही गाडी उभी असतानाच उपयोगाचे. पुढे १९८३च्या अखेरीस आलेल्या क्रायस्लरच्या मिनीव्हॅनमध्ये कपाची जागा गाडीच्या रचनेतच आली. २०१८मध्ये विक्रीस आलेल्या सुबारू असेंटमध्ये अशा १९ जागा होत्या. या आकड्याला हसणे सोपे आहे.

पण १९९२मधील अल्बुकर्कची घटना पाहा. ७९ वर्षांची एक स्त्री उभ्या गाडीत, चालकाशेजारच्या आसनावर बसली होती. गाडीत कपहोल्डर नव्हता. साखर घालण्यासाठी झाकण काढताना तिने मॅकडोनाल्ड्सच्या कॉफीचा कप गुडघ्यांत धरला आणि तो सांडला. भाजणे इतके खोल होते की त्वचारोपण करावे लागले. कॉफी सुमारे ८२ ते ८८ अंश सेल्सियस तापमानाला दिली जात असे, आणि भाजल्याच्या सातशेहून अधिक तक्रारी कंपनीकडे आधीच आल्या होत्या. १९९४मध्ये ज्यूरींनी मुख्य दोष कंपनीला दिला, वीस टक्के त्या स्त्रीला.

तरीही हा खटला जगभर फिरला तो दावेखोरपणाचा विनोद म्हणून. त्या विनोदात गाडी बहुधा चालू असते आणि ती बाईच चालवत असते. गुडघ्यांत कप धरणे हा वेडेपणा ठरतो, कारण कप ठेवायला दुसरी जागाच नव्हती हा तपशील गाळलेला असतो.

कपहोल्डर असता तर कॉफी निवली नसती, हे खरेच. पण कप गुडघ्यांत का आला, याचे उत्तर त्या स्त्रीच्या स्वभावात नव्हे, गाडीच्या रचनेत आहे. संहितेत काय नाही हे पाहायला आपण शिकवतो. तीच शिस्त क्षुद्र वाटणाऱ्या वस्तूंना लावली नाही, तर सोयीला चंगळ म्हणण्याच्या ओघात आपण एका जखमी माणसालाही हसत राहू.