साणं बुजवलं कुणी?

चाकूरच्या जुन्या गावठाणात एप्रिलमधल्या कुठल्याही दुपारी बारा वाजता हिंडून पाहा. रस्त्यावर उन्हानं डोळे उघडवत नाहीत. त्याच गल्लीतल्या एखाद्या स्लॅबच्या घरात शिरा, पुढची खोली ओलांडा आणि मधल्या घरात जा. तिथं बल्ब पेटलेला असतो. वीज गेली असेल तर मोबाइलच्या टॉर्चवर डाळ निवडणं चाललेलं असतं. डोक्यावर सूर्य आणि त्याच्याखाली दहा फुटांवर रात्र, याला आपण पक्कं घर म्हणतो. असं घर बांधलं की माणूस सुधारला, असंही म्हणतो.

मला हे मान्य नाही. घर पक्कं होण्यासाठी अंधारं होण्याची काही गरज नव्हती. ते अंधारं झालं, कारण आपण एक भोक बुजवलं आणि ते का बुजवतोय हे कुणालाही विचारलं नाही.

त्या भोकाला साणं म्हणत. कुणी सवणं म्हणतं. मराठवाड्यातलं माळवद म्हणजे लाकडी खांब, तुळया, त्यावर किलचनं आणि त्यावर मातीचा जाड थर. भिंती दोन-तीन हात रुंद. एवढ्या जाड भिंतीत खिडकी पाडणं अवघड, आणि पाडली तरी चोरांची भीती. म्हणून उजेड वरून घेत. माळवदाला हात-दीड हाताचं भोक, भोवती पाणी आत येऊ नये म्हणून उंचवटा, पाऊस आला की वरून झाकण. चुलीचा धूर त्यातूनच जाई. त्या कवडशाखाली बसून बायका ज्वारी पाखडत, पोरं पाटी गिरवत. कवडसा जमिनीवरून भिंतीकडे सरकला की दिवस किती कलला ते कळे. हे सगळं आठवून मला उसासे टाकायचे नाहीत. माळवदाखालचं जगणं सुखाचं होतं असं म्हणणाऱ्यानं एकदा पावसाळ्यात त्यावर चढून गळकी जागा शोधावी.

मग ३० सप्टेंबर १९९३ची पहाट आली. अनंत चतुर्दशीची मिरवणूक संपवून लोक झोपले होते. तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी किल्लारी परिसर हादरला आणि हजारो माणसं आपल्याच घराखाली गाडली गेली. कशानं गेली? मातीत रचलेल्या, एकमेकांत न गुंतलेल्या गोल दगडांच्या जाड भिंतींनी आणि छतावर वर्षानुवर्षं चढवत नेलेल्या मातीच्या ओझ्यानं. अनेक ठिकाणी लाकडी सांगाडा उभाच राहिला आणि भिंती आत-बाहेर कोसळल्या, हे नंतर पाहणी करणाऱ्या अभियंत्यांनी नोंदवलं. दगड दोषी होता, मातीचं वजन दोषी होतं, बांधायची पद्धत दोषी होती. साण्यानं कुणाला मारलं नव्हतं. पण भीतीला एवढा विवेक नसतो. माळवद गेलं तसं त्याच्यासोबत साणंही गेलं. जिल्ह्यात सिमेंटचं युग आलं, आणि ते आणणाऱ्यांच्या नकाशात छताला भोक म्हणजे मागासलेपणा ठरला.

बरं, उजेड बाजूनं घ्यावा तर बाजू कुठं आहे? गावठाणातली जागा वाटण्या होऊन होऊन रेल्वेच्या डब्यासारखी झालेली असते. रुंदी बारा-पंधरा फूट, लांबी चाळीस-पन्नास. दोन्ही अंगांना भावकीची भिंत. पुढं रस्ता आणि मागं कुणाची तरी पाठ. राष्ट्रीय बांधकाम संहिता सांगते की उष्ण-कोरड्या हवामानात खोलीच्या क्षेत्रफळाच्या दहाव्या हिश्शाइतकी उघडझाप हवी, आणि उघड्या जागेपासून साडेसात मीटरपलीकडचा भाग उजेडात आहे असं धरू नये. चाकूरच्या मधल्या घराला ही संहिता वाचून दाखवायला हवी. भाऊबंदकीनं चारी बाजू बंद केल्यावर मोकळी राहिली ती एकच बाजू, वरची. आणि तीच आपण पाच इंच काँक्रीटनं बंद केली. गंमत अशी, की पत्र्याच्या घरात राहणारा गरीब माणूस छताला एखादा पारदर्शक पत्रा ठोकून देतो. त्याच्या घरात दुपारी बल्ब लागत नाही.

आता सरकार उन्हाकडं वळलंय. फेब्रुवारी २०२४मध्ये पंतप्रधान सूर्यघर योजना आली. एक कोटी घरं, तीन किलोवॅटला ७८ हजार रुपये अनुदान. चांगलं आहे, पंख्याला, फ्रिजला, रात्रीला वीज हवीच. पण दिवसाचा हिशोब बघा. पॅनल उन्हातली साधारण पाचवा हिस्सा ऊर्जा विजेत बदलतं. ती वीज तारेतून खाली येते आणि त्याच छताखाली, त्याच क्षणी, बल्बात पुन्हा उजेड होते. भर दुपारी उन्हाची वीज करून विजेचं ऊन करायचं, म्हणजे आडावरचं पाणी टँकरनं गावाबाहेर नेऊन पुन्हा आडापाशी आणून विकण्यासारखं आहे.

याला उपाय आहे आणि तो महाग नाही. छतावर पारदर्शक घुमट, त्याखाली आतून आरशासारखी चकचकीत नळी आणि खोलीच्या बाजूला उजेड पसरवणारी दुधी काच. एवढीच ही प्रकाशनळी. ऑस्ट्रेलियात १९८०च्या दशकात ती बाजारासाठी घडली. आपल्याकडं केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाच्या पाठबळानं कोलकात्यात 'सूर्यज्योती' नावाचा घुमट तयार झाला. त्याची २०१७मध्ये सांगितलेली किंमत साध्या नगाला पाचशेच्या आसपास आणि रात्रीही चालणाऱ्याला बाराशेच्या आसपास होती. ब्राझीलच्या आल्फ्रेदो मोझेर या मेकॅनिकनं तर २००२मध्ये पाणी आणि थोडं ब्लीच भरलेली प्लास्टिकची बाटली पत्र्यात बसवून हेच काम फुकटात करून दाखवलं होतं.

दहा इंच व्यासाची नळी धरा. कडक उन्हात तिच्या तोंडावर सुमारे ४,९०० ल्युमेन उजेड पडतो. निम्मा वाटेत गेला असं समजा. उरलेला उजेड नऊ वॅटच्या अडीच एलईडी बल्बांएवढा भरतो. ढगाळ दिवशी तो बराच उतरतो, आषाढात बल्ब लावावा लागेल, हे खरं. पण आपल्याकडं ढग किती दिवस थांबतात ते चाकूरच्या शेतकऱ्याला सांगायला नको.

हे सुचवलं की मिस्त्री पहिला आक्षेप घेतो तो उन्हाळ्याचा: घर तापेल. त्या दहा इंची तोंडावर माध्यान्हीला पडणारी सगळी उष्णता मिळून पन्नास वॅट होत नाही. शंभर चौरस फूट उघड्या स्लॅबवर मात्र नऊ हजार वॅटच्या वर ऊन पडत असतं, आणि संध्याकाळी अंगावर भट्टीसारखा येतो तो तो स्लॅब. तापायचीच काळजी असेल तर आधी त्याला चुना लावा. दुसरा आक्षेप गळतीचा. याच मिस्त्रीनं संडासाचा पाइप स्लॅबमधून बिनघोर काढलेला असतो. नळीचा कठडा सहा इंच वर घेतला आणि सांधा नीट भरला तर ती त्या पाइपापेक्षा जास्त गळायचं कारण नाही. उभ्या स्लॅबला भोक पाडताना गज तुटू नये ही भीती मात्र रास्त आहे. तिथं गज कुठं आहेत ते पाहिल्याशिवाय हात लावू नये. म्हणूनच ही गोष्ट सेंटरिंग बांधतानाच ठरायला हवी.

तिसरा आक्षेप घरमालकाचा: "पुढं वर मजला चढवायचाय." गच्चीवर गंजत उभे राहिलेले कॉलमचे गज गावोगाव दिसतात. वरचा मजला चढेल तेव्हा नळी वर वाढवता येते, नाहीतर बुजवता येते. पण न आलेल्या मजल्यासाठी आलेली वीस वर्षं अंधारात काढायची, हा व्यवहार कुठला? आणि तो ठरवतो कोण? बैठकीला खिडकी आहे, तिथं पाहुणे बसतात, पुरुष बसतात. अंधार वाट्याला येतो तो मधल्या घराच्या आणि स्वयंपाकघराच्या. तिथं दिवस काढणारीला सेंटरिंगच्या वेळी कुणी विचारत नाही. स्लॅब पडला की तिनं गूळ-खोबरं वाटायचं.

म्हणून मागणी साधी आहे. पंतप्रधान आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाला सपाट भागात १ लाख २० हजार मिळतात, किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर. बांधकामाच्या टप्प्याटप्प्यांवर फोटो काढल्याशिवाय हप्ता सुटत नाही. पाया बघता, छत बघता, तर स्लॅब भरण्याआधी मधल्या घरावर दहा इंची पाइपाचा तुकडा उभा ठेवलाय का, तेही बघा. नगरपंचायतीनं बांधकाम परवान्याच्या नकाशावर, जिथं दोन्ही बाजूंच्या भिंती सामाईक आहेत तिथं, छतावरच्या उजेडाची खूण असल्याशिवाय शिक्का मारू नये. आणि तालुक्यातल्या एखाद्या शाळेच्या अंधाऱ्या खोलीवर अशा दोन नळ्या बसवून ठेवाव्यात, म्हणजे मिस्त्री लोकांना येऊन वर बघता येईल.