बुटांपायी लेकीचे कराटे थांबवू नका

तासगावच्या वस्त्यांत फिरताना आम्ही ऐकतो, "बुटाला पैसे नाहीत, म्हणून पोरीचे कराटे बंद केले." माता-भगिनींनो, कराटे, ज्युदो मॅटवर अनवाणीच खेळतात. विहाराच्या फरशीवर सराव असेल, तर शाळेतले पी.टी.चे कॅनव्हास बूट पुरेसे आहेत. तळ सपाट, पातळ आणि न घसरणारा हवा. धावण्याच्या बुटांचा जाड तळ गिरकी घेताना अडकतो; घोटा मुरगळतो, गुडघ्याला पीळ बसतो. पुढच्या वर्षी येतील म्हणून मोठे बूट घेऊ नका. अंगठ्यापुढे बोटभर जागा पुरे. घामाने ओले बूट वाळवूनच घालू द्या, नाहीतर बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. आमचे म्हणणे एवढेच : महागड्या बुटांपायी एकही लेक घरी बसू नये.