खेळून पोट भरतं का?



आमच्या सुकापुरात संध्याकाळी कामावरून परतलेल्या बाया भाजीची पिशवी खाली टेकवून घटकाभर बोलत उभ्या राहतात. परवा एक बाई सांगत होत्या, "आमची आठवीतली पोरगी शाळेत खो-खो खेळायची. आता बंद केलं. मोठी झाली ना! आणि खेळून काय पोट भरतं का?"

प्रश्न खोटा नाही. नवराबायकोच्या रोजीवर ज्यांचं घर चालतं, त्यांना तो पडणारच. म्हणून आज धाराशिवच्या सारिका काळे हिची हकीकत सांगते.

धाराशिवला तेव्हा उस्मानाबाद म्हणत. सारिकाचे वडील शरीराने अधू, त्यांच्याने कमाई होत नसे. आई शिवणकाम करी. घराचा सारा भार आजी-आजोबांच्या कमाईवर. अशा घरातली ही मुलगी तेराव्या वर्षी खो-खोच्या मैदानावर गेली. घरच्या परिस्थितीनेच आपल्याला खेळाकडे नेलं, असं तिने स्वतः सांगितलं आहे. जवळजवळ दहा वर्षं ती दिवसातून एकदाच जेवून खेळली. शिबिराला किंवा सामन्यांना बाहेरगावी गेली, की तेवढे दिवस नीट खायला मिळे.

खो-खोला ना बॅट लागते ना महागडे बूट. दोन खांब आणि सपाट मैदान असलं की झालं. पण अंगात दम लागतो. पाठलाग करणारीला मधली पाटी ओलांडता येत नाही, मागे फिरता येत नाही. पुढे पळणारी हुलकावणी देते. उपाशीपोटी हे करून बघा म्हणजे कळेल!

२०१६ साली गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सारिकाच्या नेतृत्वाखाली भारताच्या मुलींनी सुवर्णपदक जिंकलं. पण त्याच साली पैशांच्या ओढाताणीने खचून तिने खेळ सोडायचं ठरवलं होतं. खोलीचं दार लावून बसली. आजीने हे प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांच्या कानावर घातलं. त्यांनी समजूत काढली आणि ती पुन्हा मैदानावर आली. पुढे तिला क्रीडा अधिकाऱ्याची सरकारी नोकरी लागली, तुळजापूरला. २०२० साली अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोला हा मान २२ वर्षांनी मिळाला होता.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. आपल्या मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असं हरवलं. कर्णधार होती महाराष्ट्राचीच प्रियंका इंगळे.

आता कोणी म्हणेल, सगळ्याच पोरी काही सारिका होत नाहीत. खरं आहे. पण आठवीत खेळ बंद केला, तर ती काय झाली असती हे कळायचं कसं? सारिका भारताची कर्णधार झाली ती मोठी झाल्यावरच. महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव आहेत. त्यासाठी मोठ्या स्पर्धांपर्यंत मजल मारावी लागते, आणि तिची सुरुवात शाळेच्या मैदानावरच होते.

२० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी सांगितलं होतं, की समाजाची प्रगती आपण त्या समाजातल्या स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो. ते माप आपल्या घरालाही लावायला हवं.

तेव्हा मायबहिणींनो, पोरगी खेळून आली की मुठभर चणे, गुळाचा खडा, जमेल तेव्हा एक अंडं तिच्या हातावर ठेवा. भावाच्या ताटात जेवढं, तेवढं तिच्याही ताटात पडू द्या. खेळाच्या बाईंना एकदा जाऊन भेटा. सामन्यांची प्रमाणपत्रं गुणपत्रिकेसोबत जपून ठेवा. सारिकाच्या आजीने वेळेवर प्रशिक्षकांना सांगितलं, म्हणून नात मैदानावर परतली. आपल्या पोरीसाठी तेवढं आपणही करू या.

जय भीम!