रिमोटचे बटण दाबल्यावर

टीव्हीशेजारी एखादा छोटा संगणक ठेवायचा, त्यावर कोडी हे मोफत सॉफ्टवेअर चढवायचे आणि डिस्कवर साठवलेले जुने चित्रपट, नाट्यपदे, घरच्या लग्नमुंजींची चित्रीकरणे मोठ्या पडद्यावर पाहायची, ही हौस आता थोड्या पैशांत भागते. रास्पबेरी पाय पुरतो, जुना लॅपटॉपही चालतो. पण ही सोय साऱ्या घराची व्हायची तर कोणालाही हाक न मारता आजीला बसल्या जागेवरून हवे ते गाणे लावता आले पाहिजे. त्यासाठी हातात रिमोटच हवा. आणि नेमके इथेच अनेकांचे घोडे अडते. रिमोटचा संकेत टिपणारा रिसीव्हर जोडला, बटण दाबले, पण पडदा ढिम्म हलत नाही. मग दिसेल ती सेटिंग बदलून पाहणे सुरू होते. आमचे म्हणणे एवढेच, की बटणापासून पडद्यापर्यंतच्या वाटेवर मोजकेच टप्पे आहेत. ते सुरुवातीपासून क्रमाने तपासावेत आणि एक पक्का झाल्याशिवाय पुढच्याला हात लावू नये.

पहिला टप्पा प्रकाशाचा. रिमोटच्या टोकाशी असलेला दिवा साधारण ९४० नॅनोमीटर तरंगलांबीचा अवरक्त प्रकाश फेकतो. उन्हातून आणि खोलीतल्या दिव्यांतून तो वेगळा ओळखता यावा म्हणून बहुतेक रिमोट तो सेकंदाला ३८ हजार वेळा लुकलुकवतात. फिलिप्सच्या आरसी-५ पद्धतीत हा वेग ३६ हजार, तर सोनीच्या पद्धतीत ४० हजार असतो. ३८ हजारांसाठी बनवलेला रिसीव्हर या दोन्ही पद्धतीही ओळखतो, फक्त जरा जवळून. दिवा लागतो की नाही हे मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहता येते. मागचा कॅमेरा अवरक्त प्रकाश अडवत असेल तर पुढचा वापरावा. सेल नवे असूनही जांभळट चमक दिसली नाही, तर तो रिमोट बिघडलेला असेल किंवा ब्लूटूथवर चालणारा असेल. ब्लूटूथचा असेल तर अवरक्त रिसीव्हरशी त्याची गाठ पडणार नाही.

यूएसबी रिसीव्हर घेतला तर जोडणीची चिंता नाही. सुटा, तीन पायांचा काळा रिसीव्हर घेऊन रास्पबेरी पायला जोडणाऱ्यांनी मात्र इथे घाई करू नये. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या बुधवार पेठेत खरेदी करताना त्याचा पूर्ण क्रमांक वाचून घ्यावा. जुना टीएसओपी १७३८ साडेचार ते साडेपाच व्होल्टवर चालतो आणि त्याच दाबाचा संकेत बाहेर देतो. रास्पबेरी पायच्या पिना मात्र ३.३ व्होल्टपलीकडे सोसत नाहीत. टीएसओपी ३८२३८ हा अडीच व्होल्टपासून चालतो, म्हणून तोच घ्यावा. दोघांच्या पायांचा क्रमही वेगळा आहे. एकाचा नकाशा पाहून दुसरा जोडला, तर विद्युतपुरवठा भलत्याच पायाला जातो. दहा मिनिटे डेटाशीट वाचली तर हे नुकसान टळते.

त्यापुढचा टप्पा सॉफ्टवेअरचा, आणि सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो. पूर्वी लिनक्सवर रिमोटचे सारे काम एलआयआरसी हा स्वतंत्र कार्यक्रम करायचा. त्याला अनेकदा प्रत्येक बटण दाबून शिकवावे लागे. २०१० च्या सुमारास हे काम खुद्द लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, येऊ लागले. आज कर्नल स्वतःच प्रकाशाचे ठोके उलगडतो आणि रिमोट जणू एखादा कीबोर्ड असल्यासारखा पुढे सादर करतो. जुनी पुस्तके आणि टिपणे मात्र जुनीच पद्धत सांगतात. रास्पबेरी पायसाठी असलेला एलआयआरसी-आरपीआय हा जुना चालक कर्नल ४.१९ पासून गेला. आता कॉन्फिग फाइलमध्ये जीपीआयओ-आयआर या ओव्हरलेची एक ओळ आणि पिनेचा क्रमांक लिहिला की भागते. जुनी आणि नवी अशा दोन्ही व्यवस्था एकाच वेळी चालू राहिल्या, तर एकदा दाबलेले बटण दोनदा उमटते.

आयआर-कीटेबल हे छोटे साधन या टप्प्यावर फार मोलाचे आहे. ते चाचणीच्या पर्यायासह चालवून बटण दाबले, की संगणकाला कोणती पद्धत आणि कोणता सांकेतिक अंक मिळाला ते दिसते. काहीच दिसले नाही तर आपल्या रिमोटची पद्धत चालू आहे का ते पाहावे, कारण कित्येक रिसीव्हर सुरुवातीला एखादीच पद्धत ऐकतात. अंक दिसतो पण कळीचे नाव दिसत नाही, असे झाले तर कोणता अंक म्हणजे कोणती कळ हे सांगणारा कळतक्ता हवा. तो साध्या मजकुराच्या फाइलमध्ये स्वतः लिहिता येतो. आणि नावही दिसते, तरी मधले ओकेचे बटण तेवढे चालत नाही? लिनक्समध्ये ओके कळीचा क्रमांक ३५२ आहे. जुनी एक्स ही चित्रव्यवस्था २४७ पर्यंतच्याच कळी पुढे पाठवते. तक्त्यात ओकेच्या जागी एंटर, म्हणजे २८, लिहिले की बटण चालू लागते. रिसीव्हर सदोष समजून बदलण्याआधी ही एक ओळ जरूर तपासावी.

अधूनमधून आपोआप बटणे दाबली जात असतील, तर खोलीतल्या सीएफएल दिव्याकडे पाहा. त्याच्या आतले इलेक्ट्रॉनिक मंडल रिमोटच्या लुकलुकण्याच्या वारंवारतेच्या आसपास चालते.

टीव्ही अलीकडचा असेल तर हा सारा खटाटोप टाळताही येतो. एचडीएमआयच्या तारेतूनच सीईसी नावाच्या सोयीने टीव्हीचा स्वतःचा रिमोट संगणकाला आज्ञा देतो. रास्पबेरी पायमध्ये ती सोय मुळातच आहे, बहुतेक डेस्कटॉप संगणकांत नाही. जिथे ती नीट चालते तिथे तीच आधी वापरावी.

कर्नलसोबत मिळणारे कित्येक कळतक्ते वापरणाऱ्यांनीच बटण न् बटण दाबून तयार केले आहेत. उत्पादकांनी सांकेतिक अंकांचा एक पानी तक्ता पुस्तिकेत छापला असता, तर हे श्रम वाचले असते. सेट-टॉप बॉक्सच्या कंपन्यांनी तो आता तरी द्यावा. आणि वाचकहो, खणात पडलेल्या एखाद्या जुन्या रिमोटचा तक्ता तुम्ही तयार केलात, तर तो स्वतःपुरता ठेवू नका. लिनक्सच्या मीडिया विभागाकडे पाठवा.